झाकली मूठ

जुलैभर आईची बरणी खिडकीत असायची.
काकड्या, शेपू, लसूण, मिठाचं पाणी,
वर झाकणासारखी पावाची जाड कापटी.
चौथ्या दिवशी पाणी गढुळायचं.
ती बोट बुडवून चाखायची,
एक डोळा मिटायची
आणि म्हणायची, "झालं."
सेगेदच्या बाजारात एतेल्का नेनीचा मिटलेला डोळा
हेच प्रमाण होतं.
संध्याकाळी पिंपं उचलून तिचं अंग आंबायचं,
त्याला मात्र ती चव म्हणत नसे.

मीही तेच करते.
माझी बरणी म्हणजे बेडकिणीचं एक अंडं, मोहरीएवढं,
अर्धं काळं, अर्धं पिवळट,
त्यात रुतवलेल्या काचेच्या दोन सुया.
सात पूर्णांक चार : रेघ सरळ.
सहा : रेघ दचकते, खाली कोसळते,
आणि दोनचार सेकंदांत,
आंबट तसंच असताना,
आपणहून वर येते.
कळलं म्हणते. किती वेळा सांगशील?

झोम्बोरने पहिल्या दिवशी हातांनीच शिकवलं.
तिसरा हात माझा घेतला.
"तीन मुठी, मनगटाला मनगट टेकलेलं.
मनगटांच्या मधोमध बोळ, तो बंद.
अंगठा आणि बोटांच्या बेचक्यात खोबण,
तिथे प्रोटॉन येऊन बसले
की अंगठा आवळतो, तळवा ताणतो,
मनगटं फाकतात,
सोडियम धावत आत."
एरवी तिथे कॅल्शियम बसलेलं असतं, जागा अडवून.
जस्ताचा नावापुरता अंश दाराला जड करतो.
दमलेल्या स्नायूतलं लॅक्टेट कॅल्शियमला बाजूला नेतं,
मग थोडंसं आंबटही पुरतं.
इतके सगळे त्या एका दाराशी,
आणि मला वाटायचं, मी एकटीच राखण करतेय.

एक गोष्ट फार उशिरा पटली.
आंबट हळूहळू आलं,
सात तीन, सात दोन, सात एक,
तर दार उघडतच नाही.
न उघडताच थकतं.
कागदावर काही उमटत नाही.
वडील गेल्यानंतरची आईची सात वर्षं
मी अशीच वाचली होती.

फेब्रुवारीत ती कोबीच्या पिंपापाशी पडली.
रक्त अडलं की मेंदूचा तेवढा तुकडा आंबतो.
दारं उघडतात, कॅल्शियमही आत शिरतं,
पेशी स्वतःच्याच हाकेने मरतात.
हे मी वर्गात सांगते. खडू वापरून.
रुग्णालयाच्या बाकावर खडू नव्हता.

उणे ऐंशीच्या कपाटात एक कुपी आहे,
त्रिनिदादच्या कोळ्याचं विष.
ते दार ढकलत नाही, अडवतही नाही.
दाराला ते इतकं हळवं करतं
की साध्या पाण्यातही त्याला आंबट लागतं,
आणि खरं आंबट येईपर्यंत ते दमून मिटलेलं असतं.
उंदरांचे मेंदू त्याने वाचलेत.
त्या रात्री मी कपाट उघडून उभी राहिले,
हातमोजे न घालता, बोटं चिकटेपर्यंत.
मग लावलं.
आई उंदीर नव्हती.

पाच आठवडे शब्द नाही.
उजवी मूठ घट्ट झाकलेली.
व्यायाम घेणारी बोर्बाला एकेक बोट सोडवते,
सोडलं की ते परत मिटतं.
सव्वा लाखाची असेल, असं मी म्हणत नाही.
मोजमाप करणारी बाई आहे मी.

काल बरणी नेली. अवेळीच्या, काचघरातल्या काकड्या,
पाव माझ्या हातचा.
तिचं डावं बोट धरून बुडवलं, फक्त एकदा,
नर्स दारात उभी राहून बघत होती.
बोट ओठांना लागलं.
रेघ सरळ.
रेघ सरळ.
मग एक डोळा मिटला.

"उद्या," ती म्हणाली.

मी घरी मोजलं होतं : तीन पूर्णांक सहा.
झालेलंच होतं.
बरणी उचलून
परत खिडकीत ठेवली.